भिंगरीफुलाचा सूड

मी एक जुना लोखंडी ठसा आहे. मित्रांनो, माझी उंची तुमच्या मधल्या बोटाएवढी. हातोडीचे ठोके खाऊन माझं डोकं चपटं झालं आहे. पायाशी मसुराच्या दाण्याएवढं एक फूल कोरलेलं आहे. त्याच्या पाकळ्या वाऱ्यावर धरलेल्या भिंगरीसारख्या एकाच बाजूला वळलेल्या आहेत. माझ्या अंगावर त्या डावीकडे वळतात, म्हणून सोन्यावर उमटताना उजवीकडे वळतात. ठशाचं असंच असतं. जुन्या वस्तूंच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. त्या वस्तू शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका, हे आधीच सांगतो.

माझा जन्म सिएना नावाच्या गावातला. एका सोनाराने मला उस्ताद बिंदोंसाठी घडवलं. उस्ताद चित्रकार होते. त्यांच्या आधीचे लोक मारियामातेला रंगवायचे ते राणीसारखी, ताठ आणि सरळ समोर बघणारी. मांडीवरच्या बाळाकडे तिचं लक्षच नसायचं. उस्तादांनी तिची मान जराशी कलती केली आणि नजर बाळाकडे वळवली. एवढंच केलं, पण त्या एवढ्याशा वळणासाठी आरेझ्झोहून, पेरूजाहून चित्रकार येऊन त्यांच्या दाराशी बसू लागले.

"उस्ताद, ही नजर जमते कशी?" ते विचारायचे.

"चित्रांकडे काय बघता? विहिरीवर जा. पोर कडेवर घेतलेल्या बायका बघा," उस्ताद म्हणायचे. "पण लांबून बघा, नाहीतर कळशी डोक्यात बसेल."

माझं काम मातेच्या डोक्यामागच्या प्रभावळीत असे. तांबड्या मातीच्या लेपावर सोन्याचा वर्ख बसवायचा, लांडग्याच्या दाताने घासून तो आरशासारखा करायचा, मग मला त्यावर टेकवून हलकाच ठोका द्यायचा. ठोका जोरात पडला तर वर्ख आणि लेप दोन्ही फाटून त्याखालचा, लाकडावरचा पांढरा थर दिसतो. म्हणून उस्ताद मला दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. फुच्चो नावाचा त्यांचा मोठा शिष्य होता, चांगला दाढीमिशा आलेला. तो माझ्याकडे हात करायचा तेव्हा उस्ताद म्हणायचे, "तू झगे रंगव, बाबा. प्रभावळ माझी."

फुच्चो झगे रंगवायचा आणि दात खायचा.

कार्मेल मठासाठी उस्तादांनी जी माता रंगवली, ती त्यांची सर्वांत मोठी. ती मठात नेली त्या दिवशी गावाने दुकानं बंद ठेवली होती. पुढे तुताऱ्या, मागे मेणबत्त्या घेतलेले लोक. माझी फुलं उन्हात अशी चमकत होती की बायका डोळ्यांवर हात धरत होत्या. मित्रांनो, त्या दिवशी मला गर्व झाला आणि तो अजून उतरलेला नाही.

त्यानंतरच्या थंडीत उस्तादांच्या हातांना कंप सुटला. चमच्यातलं वालाचं सूप तोंडापर्यंत पोचेना. त्यांच्या पत्नी मोन्ना लापा (आमच्याकडे बाईंना मोन्ना म्हणतात) त्यांना भरवू लागल्या. फुच्चोने कामशाळा ताब्यात घेतली आणि गावात हळूच एक गोष्ट सोडली. "उस्तादांचे हात काही आज नाही कापायला लागले. कधीचेच कापतात. कार्मेलची माता सगळी मीच रंगवली. म्हाताऱ्याचं नाव राहू दिलं, एवढंच. शेवटी गुरू आहेत."

किती गोड बोलला बघा! चोरी केली आणि वर दान केल्याचा आव आणला. लोकांनी मान डोलावली. मठाचे प्रमुख फ्रा, म्हणजे धर्मबंधू, आन्सानो यांनीही विश्वास ठेवला. मातेच्या शेजारी बसवायच्या संतांच्या चित्राचं काम त्यांनी फुच्चोला दिलं.

उस्ताद खिडकीशी बसून म्हणाले, "जाऊ दे गं, लापा. चित्र जागेवर आहे ना? माता बाळाकडे बघते आहे ना? मग झालं."

"मातेचं झालं," मोन्ना लापा म्हणाल्या. "माझं नाही झालं."

फुच्चोने हत्यारं मोजून घ्यायच्या आधीच त्यांनी मला उचललं होतं. अंबाडा घट्ट बांधला आणि मला त्यात आडवा खोचला. तिथे धुराचा आणि कांद्याचा वास असे. सोन्यावर नाचणारा मी, केसांत आकडा होऊन पडलो. पण मित्रांनो, दोघं मिळून राग धरला की दिवस बरे जातात.

एकदा फुच्चो दारात आला. "मोन्ना, तो फुलाचा ठसा कुठं दिसत नाही?"

"अगं बाई!" मोन्ना लापा म्हणाल्या. "सगळं तूच करायचास ना? मग तुझ्याकडेच असेल की! म्हाताऱ्या माणसांना काय विचारतोस?"

तो लाल होऊन निघून गेला.

शेजारणीने मोन्ना लापांना सुचवलं की ठसा सरळ मठात नेऊन दाखवा. त्यांनी मान हलवली. "आत्ता दाखवला तर म्हणेल, म्हातारीनं चोरला. आधी त्याला त्याच्या तोंडानं बोलू दे."

इकडे फुच्चो अडला होता. संतांच्या प्रभावळीत मातेसारखीच फुलं हवीत, असं फ्रा आन्सानोंनी बजावलं होतं. मग तो मठात गेला, मातेसमोर उभा राहिला आणि सोन्यावरचं माझं फूल कागदावर हुबेहूब उतरवून घेतलं. पाकळ्या उजवीकडे वळलेल्या होत्या, तशाच काढल्या. चित्रकाराची सवय! दिसेल तसं काढायचं. तो कागद त्याने घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदाला दिला. नालबंदाने लोखंडावर तसंच फूल कोरलं, पाकळ्या उजवीकडे. आता तुम्हीच सांगा, त्या ठशाचं फूल सोन्यावर कुठल्या बाजूला वळेल?

तुम्हाला कळलं. फुच्चोला नाही कळलं. कामशाळेत संतांचं एकच चित्र होतं; शेजारी ठेवून ताडून बघायला माता होती मठात, आणि कागद नालबंदाकडे.

संतांचं चित्र मातेशेजारी लागलं त्या दिवशी सगळं गाव मठात जमलं. उस्तादांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. मोन्ना लापा खुर्चीमागे उभ्या होत्या आणि मी त्यांच्या अंबाड्यात.

"फुच्चो," त्यांनी भर सभेत विचारलं, "ही फुलं आणि मातेची फुलं एकाच ठशाची का रे?"

"म्हणजे काय, मोन्ना!" फुच्चोने छातीवर हात ठेवला. "माझाच ठसा. मी तो कधी कोणाच्या हाती देत नाही."

"फ्रा आन्सानोंना पुन्हा एकदा सांग. त्यांना कमी ऐकू येतं."

"माझाच ठसा!" तो ओरडला. खिशातून काढून दाखवलासुद्धा. कसला ओबडधोबड होता तो! अगदी नालाचा भाऊ.

"मग तुझी फुलं उलटी का फिरतायत?"

 मग लोक पुढे सरकले. मातेची फुलं उजवीकडे, संतांची डावीकडे. कोणीतरी फिस्सकन हसलं. मोन्ना लापांनी मला अंबाड्यातून ओढून काढलं. त्यांचे पांढरे केस खांद्यावर सुटले. वेदीवरच्या मेणबत्तीच्या ऊन मेणावर त्यांनी मला दाबलं. मी जीव खाऊन उमटलो. पाकळ्या उजवीकडे वळल्या, मातेच्या प्रभावळीत होत्या अगदी तशाच.

फ्रा आन्सानो मेणाकडे बघत राहिले, मग प्रभावळीकडे. "फुच्चो," ते म्हणाले, "तू आजच्या आज गाव सोड."

"नको, फ्रा!" मोन्ना लापा म्हणाल्या. "हाकलू नका त्याला. काम द्या. माझ्या नवऱ्याचं नाव मातेच्या पायाशी सोन्यात लिहायचं राहिलंय. त्याचा हात चांगला आहे. त्यानंच लिहावं."

मित्रांनो, तो देखावा मी आजही चवीने आठवतो. फुच्चो गुडघ्यांवर बसला आणि 'मला बिंदोने रंगवलं' हे शब्द सोन्यात काढू लागला. मोन्ना लापा केस मोकळे सोडून त्याच्या डोक्यावर उभ्या.

"पहिलं अक्षर वाकडं गेलं. पूस."

त्याने पुसलं.

"राहू दे की आता, लापा," उस्ताद हसून म्हणाले.

"नाही राहायचं. पूस रे. पुन्हा काढ."

पुढे फुच्चोला प्रभावळीचं काम कोणी दिलं नाही. तो गल्लीतून निघाला की पोरं त्याच्यामागे उलट्या गिरक्या घ्यायची.

उस्ताद गेले, मोन्ना लापाही गेल्या. मी मठातल्या एका पेटीत पडून आहे. अंगावर गंज चढतो आहे, पाकळ्या बुजत चालल्या आहेत. तुमच्या घरीही कोणाची तरी जुनी हत्यारं असतील. ती पुसा, तेलाचं बोट लावा, आणि त्यांनी कोणी काय घडवलं ते विचारून ठेवा. हे माझं मागणं.

आणि कधी दुसऱ्याच्या कामाखाली स्वतःचं नाव घालायचा मोह झाला, तर खुशाल घाला. मी वाट बघत असेन.