शुक्रवारचं पाणी

बसप्पाने मनात हिशेब मांडला, तेव्हा त्याच्या बाजूला नुसती जमाच जमा होती. व्याख्यान फुकट. सभागृहाच्या दारातला चहा फुकट. आणि आपली विहीर सोलापुरात पडद्यावर झळकणार, शिकलेल्या बाईच्या तोंडून, शंभरेक माणसांसमोर. तलाठ्याकडे दहा खेटे घालूनही असा दाखला मिळत नाही.

दाखला हवा होता पोरासाठी. विरेश एकतिशीला टेकला होता आणि सात ठिकाणांहून नकार आले होते. येणारा प्रत्येक पाहुणा पोराचं तोंड बघायच्या आधी विहिरीत वाकून बघायचा. आठवं ठिकाण शरणबसवच्या लेकीचं. माणूस सावध, पत्रिकेपेक्षा पाण्यावर भरवसा ठेवणारा. बसप्पाने त्याला फोन लावला होता. "पाव्हणं, आमच्या हिरीवर सोलापुरात भाषन हाय. या की ऐकायला."

आता ही विहीर पडद्यापर्यंत गेली कशी, तर बुद्धप्रिया मॅडममुळे. भूजलावर संशोधन करणाऱ्या या बाई पंचवीस महिने अकरा विहिरी मोजत होत्या. बसप्पाकडे महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी दहा, यात कधी बदल नाही. टेप खाली सोडायची, आकडा वहीत लिहायचा आणि खडूने कठड्यावरही. पहिल्या महिन्याचा आकडा शेजाऱ्याने वाचला आणि "बसप्पा, हीर हाय का वाळवण?" असं विचारून वर चारचौघांत सांगितलं. ते बसप्पाला लागलं. पुढच्या महिन्यापासून शनिवारी सकाळीच मोटार बंद. दोन दिवस पोहराही टाकायचा नाही. झरे पाझरायचे, पाणी वर यायचं आणि सोमवारी कठड्यावर झकास आकडा उमटायचा. त्या दोन दिवसांत म्हशींचं आणि घरचं पाणी बायकोने, चंद्रव्वाने, हापशावरून आणायचं. बायकोने पाणी आणणं बसप्पाच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला कधी पडलंच नव्हतं.

तर शनिवारी बसप्पा सभागृहात दुसऱ्या रांगेत बसला होता. शेजारी शरणबसव. मागे बायकांत चंद्रव्वा. विरेश घरी म्हशींपाशी राहिला होता. बसप्पाचा पाय काही स्थिर राहीना. एक डोळा पडद्यावर, एक शरणबसवच्या मिशीवर. ती हलली की याचा जीव खालीवर.

मॅडमनी पिशवीतून एक कडक भाकरी काढली आणि ती टिचकीने वाजवून दाखवली. "आपल्या पायाखालचा पाषाण असा आहे. थरावर थर, भाकरीच्या चवडीसारखा. पाणी या भाकरीत नसतं. ते तिच्या तड्यांत असतं."

"मॅडम, चटणी राहिली की!" मागून कोणीतरी ओरडलं. सभागृह हसलं. बसप्पा हसला नाही. त्याला भाकरी नको होती, विहीर हवी होती.

ती आली. पडद्यावर अकरा रेघा. दहा रेघा उन्हाळ्याकडे जाताना घसरगुंडीवरून उतरल्यासारख्या खाली. एक तेवढी आडवी, ताठ.

"ही श्री. बसप्पा यांची विहीर," मॅडम म्हणाल्या.

शरणबसवने कोपराने ढोसलं. "यप्पा! तुमचीच की!"

"आता देवाची किरपा," बसप्पा म्हणाला आणि त्याचा पाय प्रथमच थांबला. मनातल्या मनात त्याने मांडवाला खांबसुद्धा रोवले.

"पहिल्याच महिन्याचा आकडा फार खाली आला होता," मॅडम सांगत होत्या. "माझीच मोजताना चूक झाली असावी म्हणून मी तो सोडून दिला. नंतरचे चोवीस आकडे बघा. हिच्या खाली मोठा तडा असावा असा माझा अंदाज आहे. टंचाईत आजूबाजूची दोन गावं हिच्यावर तरतील."

पहिल्या रांगेत टंचाईचं काम बघणारे एक साहेब बसले होते. ते टिपून घेत वळले. "मालक आलेत का? उभे राहा की."

बसप्पा उभा राहिला. टाळ्या झाल्या.

"एप्रिलपासून तुमची विहीर अधिग्रहण करतो. टँकर तिथंच भरायचे. दिवसाला दहा खेपा."

टाळ्या पुन्हा झाल्या. बसप्पाने मनात टँकर मोजले. दहा खेपा कुठल्या, दुसऱ्याच टँकरला तळातल्या बेडक्या दिसल्या असत्या.

"सायेब, मोटार लहान हाय आमची."

"आमची लावू."

"वाट लई खराब हाय."

"मुरूम टाकू."

"पाणी जरा मचूळ हाय, सायेब."

शरणबसवची मिशी हलली. "मचूळ? फोनवर गोड म्हनला की!"

"मी तपासलंय, गोडच आहे," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "काका संकोच करतायत."

बसप्पाला बसवेना, उभंही राहवेना. खुर्चीची पाठ धरून तो नुसताच झुलत राहिला. खरं बोलावं तर सोयरीक जाते, गप्प बसावं तर विहीर जाते, आणि विहीर गेली की सोयरीक तिच्यामागून जातेच. असा हिशेब त्याने जन्मात मांडला नव्हता.

तेवढ्यात मागून चंद्रव्वाचा आवाज आला. "मॅडम, एक डाव शुक्रवारी या की."

"शुक्रवारी? का, मावशी?"

"सोमवारी आमच्या हिरीच्या नऊ पायऱ्या उघड्या आसत्यात. शुक्रवारी सोळा. मधी दोन दिस मोटार बंद ठेवत्यात."

सभागृह असं हसलं, की पडदाही हलल्यासारखा झाला. मॅडम हसल्या नाहीत. त्या आडव्या रेघेकडे बघत राहिल्या. "म्हणजे पहिलाच आकडा खरा होता," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मावशी, पायऱ्या रोज मोजता?"

"रोज उतरते की पाण्याला. मोजाव्या लागत न्हाईत, पायालाच कळत्यात."

"मग आता रोज मला फोनवर सांगाल?"

"सांगीन की."

साहेबांनी वहीतली ओळ खोडली. शरणबसव मात्र मागे वळून चंद्रव्वालाच विचारत होता. "अक्का, मोटार बंद आसल्यावर म्हशींचं पाणी?"

"हापशावरनं. दोन दिसाला बावीस घागरी."

"आन् पुढं त्या घागरी कुनी आनायच्या? माझ्या लेकीनं व्हय?" मग बसप्पाकडे बघून तो म्हणाला, "पाव्हणं, पाणी कमी आसलेलं मला चाललं आसतं. आमच्या हितं तरी कुटं गंगा व्हातीय? पर ही तऱ्हा न्हाय चालायची." चहाही न घेता तो निघून गेला.

परतीच्या एसटीत बसप्पाने खिडकीची काच चारदा वरखाली केली. शेवटी फुटलाच. "तुला बोलायची काय गरज हुती गं?"

"टँकर आल्यावर सगळ्या गावानं तळ बगितला आसता की."

"म्हंजे मला वाचिवलंस व्हय?"

"तुमाला कशाला? येनारीला वाचिवलं."

बसप्पाने काच पुन्हा खाली केली. कोणाचं काय गेलं, ते तो बोटांवर मोजू लागला. मॅडमची एक रेघ गेली. साहेबांची एक ओळ. शरणबसवचा एक शनिवार. विरेशचं आठवं ठिकाण. आपलं नाक. एवढ्यावर हिशेब मिटायला हवा होता, पण मिटेना. बावीसचा आकडा मध्येच येऊन बसत होता.

"पंचवीस महिने," तो पुटपुटला, "बावीस घागरी. साडेपाचशे झाल्या की गं."

"पयला महिना धरू नका," चंद्रव्वा म्हणाली. "तवा मोटार चालू हुती. पाचशे अठ्ठावीस."