स्लेजवरचा खालचा माणूस

मोड्रिस आपल्यापासून काहीतरी लपवतोय, याबद्दल टालिसला आता तिळमात्र शंका उरली नव्हती. काय लपवतोय, तेवढंच कळत नव्हतं.

अकरा वर्षं दोघं एका स्लेजवर होते. मोड्रिस वर, टालिस खाली. बर्फाच्या नळीतून ताशी सव्वाशे किलोमीटरनं उताणं घसरत जायचं, आणि खालच्याला दिसतं काय, तर वरच्याची पाठ नि आभाळाची एखादी चीर. वळण आलं हे वरच्याच्या मानेवरून ओळखायचं. "बायकोपेक्षा याच्या मानेशी माझी ओळख जास्त," असं टालिस चारचौघांत सांगायचा.

पण जानेवारीत जर्मनीत सरावाच्या वेळी स्लेज उलटली, आणि तेव्हापासून मोड्रिस बदलला. जेवायला वेगळा बसू लागला. फोन आला की बाहेर जाई. गुरुवारी "दाढ दुखतेय" म्हणून रीगाला गेला आणि संध्याकाळी परत येऊन राय धान्याचा वाळलेला पाव कराकरा चावून खाल्ला.

शुक्रवारी तर कहर झाला. टालिस स्लेजच्या खोलीत शिरला, तर त्यांच्याच स्लेजवर लाउरिस पसरलेला! लाउरिस संघाच्या दुसऱ्या जोडीतला वरचा. त्याचा जोडीदार नोव्हेंबरात पाय मोडून घरी बसला होता. शेजारी गुडघे टेकून मोड्रिस त्याला हळू आवाजात काही सांगत होता. टालिसला पाहताच दोघांची तोंडं मिटली.

"काय चाललंय?"

"काही नाही रे. उंची बघत होतो त्याची."

"मग मोजपट्टी घे की, लेका. आपल्या स्लेजवर कशाला निजवतोस?"

लाउरिस कानापर्यंत लाल होऊन निघून गेला.

"आपली मापं देतोय तो त्याला," टालिस घरी बायकोला म्हणाला. "पोलादी पट्ट्यांचा कोन, बैठकीचा उतार... अकरा वर्षं खपलो त्यावर."

"मग सरळ विचार ना त्याला," इल्वा म्हणाली.

"विचारलं की सावध होईल."

शनिवारी सिगुल्डाच्या घरच्या नळीवर मुख्य शर्यतीत ते चौथे आले. रविवारी स्प्रिंट. पहिल्या पंधरा जोड्या, एकच फेरी. आणि घड्याळ सुरू होतं शंभर मीटर खाली, स्लेजनं वेग धरल्यावर. टालिसनं सकाळी येऊन एकेक स्क्रू तपासला. सगळे जागच्या जागी होते. त्यानं त्याचा संशय आणखीच वाढला.

"झोप झाली नाही का रे?" वर रांगेत मोड्रिसनं विचारलं.

"काहींना लागते बुवा निवांत झोप," टालिस म्हणाला.

मोड्रिसनं हेल्मेट चढवलं.

दोन्ही बाजूंच्या मुठी मागे ओढून दोघांनी स्लेज सोडली. पहिली वळणं लोण्यासारखी गेली. खाली कुठंतरी सिगुल्डाच्या लोकांचा गलका उठला. मग तेराव्या वळणाआधी मान हलायला हवी होती, ती हललीच नाही. मुद्दाम! टालिसच्या डोक्यात लख्खकन आलं, आणि त्यानं एकट्यानं खांदा दाबला. त्याच क्षणी मोड्रिसनंही पाय दाबला. स्लेज भिंतीला घासली, डगमगली, कशीबशी सरळ झाली.

थांबल्या थांबल्या टालिस उठला. "किती मिळाले रे आज मला पाडायचे?"

मोड्रिस हेल्मेट काढून बसून राहिला. "कितवे आलो?"

समोर घराएवढा फलक होता. त्यावर सातचा आकडा आणि त्यांची नावं झळकत होती.

टालिसनं फलकाकडे बोट केलं. "वाच की तूच."

"दोन फलक दिसतायत," मोड्रिस हळूच म्हणाला. "उलटलो तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात, डोळ्यामागच्या नसेला मार लागलाय."

"आणि तरी मला खाली घेऊन उतरत होतास?"

"वळणं पाठ आहेत मला."

"सोळाच्या सोळा?"

"पंधरा तर नक्की." त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही. "लाउरिसला तयार करतोय तुझ्यासाठी. तू कुठं घाई करतोस, खांदा कधी दाबतोस, सगळं सांगितलंय. पुढच्या रविवारची एक शर्यत होऊ दे, मग मी थांबतो. तोवर कोचना सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या."

टालिसला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि थोबाडीतही मारावीशी वाटली. त्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही. तो तडक कोच जिंत्रांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. त्याच दिवशी मोड्रिसचं नाव यादीतून निघालं. सामान आवरताना तो टालिसच्या दिशेनं फिरकलासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी टालिस लाउरिसच्या खाली निजला आणि नववा आला. मोड्रिस बघायला आला नव्हता.

जूनमध्ये, ऐन उन्हाळ्यातल्या यानींच्या सणाला, तो अचानक दारात उभा राहिला. हातात सणाचं शहाजिऱ्याचं चीज, डाव्या डोळ्यावर पट्टी.

"मी माफ केलेलं नाही तुला," तो म्हणाला.

"मीही नाही," टालिस म्हणाला. "ये, बस. बिअर थंड आहे."