अण्णांच्या अंगठ्याला येणारा फोन

माझ्यासारखा फोन आज दुकानात मागितलात, तर दुकानदार तोंडावर हात ठेवून हसेल. हसू दे बापडा. मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, पण माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या एका कारखान्यात हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं. तिथून निघालो तो थेट अण्णांच्या शर्टाच्या खिशात आलो. अण्णा बस चालवायचे. डेपोत चहा पिताना ते मला टेबलावर मिरवत आणि "पठ्ठ्यानं एकदाही दगा दिला नाही," असं सगळ्यांना सांगत. ते ऐकून माझी छाती फुगायची.

पुढे अण्णा निवृत्त झाले आणि एका आजारपणात त्यांचे शब्दच हरवले. सगळं कळायचं, पण ओठांवर काही येईना. अंगठ्याला मात्र सगळं पाठ होतं. माझ्या खालच्या कोपऱ्यातल्या बहिणीच्या फोटोवर तो टेकला, की दूरगावी राहणारी त्यांची धाकटी बहीण पडद्यावर हजर. रोज संध्याकाळी ती एकेक शब्द म्हणायची आणि अण्णा तिच्यामागून म्हणायचे. पाणी. खिडकी. चप्पल. मुलाने मध्यंतरी हौसेने नवा फोन आणला होता. अण्णांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला.

एके दिवशी घरात वायफायचा नवा राउटर आला. सगळ्यांचे फोन चुटकीसरशी जोडले गेले. मी मात्र 'जोडता आलं नाही' एवढंच दाखवत बसलो. माझं सिमकार्ड केव्हाच काढलेलं, तेव्हा वायफायवरच माझी सगळी भिस्त. संध्याकाळी अण्णांचा अंगठा फोटोवर टेकला. बहीण आली नाही. त्यांनी पुन्हा टेकवला, पुन्हा टेकवला. मग मला उशीखाली सरकवून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशीही तेच.

"फोनचं वय झालंय आता," मुलगा म्हणाला. "अण्णांना नव्याची सवय लावू हळूहळू."

"त्यांच्या अंगठ्याला हाच येतो," सून म्हणाली. "आधी कुठे अडलंय ते तरी बघू दे."

सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. सुटीच्या दिवशी ती मला घेऊन बसली. काय तिची चिकाटी! तिने मला बंद करून चालू केलं. राउटरच्या अगदी शेजारी नेलं. जुनी नोंद पुसून पासवर्ड नव्याने टाकला, तोही अक्षरं दिसतील असा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबून बघायचं, घाई म्हणून नाही. तोच पासवर्ड तिच्या फोनवर चालला, म्हणजे पासवर्ड बरोबर. मग शेजारच्या काकूंना विचारून तिने मला त्यांच्या वायफायवर लावलं, तर मी पटकन जोडला गेलो. म्हणजे मीही धडधाकट! आनंदाने मला तिथेच रडू आलं असतं, पण तशी सोय माझ्यात नाही.

घरी येऊन तिने राउटरच्या सेटिंग्ज उघडल्या. नव्या राउटरला फक्त नव्या पद्धतीची सुरक्षा चालत होती आणि ती मला कधी शिकवलेलीच नव्हती. मुलाने सुचवलं, की पासवर्डच काढून टाक, प्रश्नच मिटला. घर असं उघडं टाकायचं तिला पटेना. शोधता शोधता तिला नवी आणि जुनी, दोन्ही पद्धती चालवून घेणारा पर्याय सापडला. तो निवडून तिने राउटर पुन्हा सुरू केला आणि मी जोडला गेलो.

तिने मला पदराने पुसून अण्णांच्या हातात दिलं. अंगठा फोटोवर टेकला. बहीण दिसली आणि नेहमीसारखी म्हणाली, "दादा, म्हण बघू, पाणी."

अण्णा पाणी म्हणाले नाहीत. त्यांनी मला सावकाश वळवलं, सुनेचा चेहरा माझ्या कॅमेऱ्यात आणला आणि ते ओठ जुळवत राहिले.

"हिनं," अण्णा म्हणाले. "हिनं... लावला."

हे शब्द त्यांना कोणी म्हणून दाखवले नव्हते. सून मान खाली घालून रडत होती.

मित्रांनो, जुनं काही अडून बसलं, तर बदलायची घाई करू नका. जरा जवळ बसा, कुठे अडलंय ते शांतपणे शोधा. मी अजून चालतो आहे आणि अण्णाही बोलू लागले आहेत. दोघांनाही थोडा वेळ द्यावा लागतो, एवढंच.