काँटेसाचा लाल दोरा

आमच्या ह्यांना, म्हणजे अमरावतीच्या राजापेठेतल्या चिंतामण वकिलांना, त्यांच्या जुन्या काँटेसा गाडीबद्दल कोणी बोललेलं खपत नाही. मला कोणी काही बोललेलं मात्र खपतं.

मे महिन्यात आमच्या स्वरालीला नववा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला अकोल्याहून आणायचं होतं. ती म्हणाली, "आई, टॅक्सीनं येते ना." हे कडाडले, "घरी एसीची गाडी असताना माझी मुलगी भाड्याच्या गाडीत? लोक काय म्हणतील?"

एसीतून मात्र भट्टीची हवा येत होती. ह्यांनी स्वतःच निदान केलं, गॅस संपला. गॅस भरला, आणायला निघाले, बडनेऱ्याहून घामाघूम होऊन परत. पुन्हा गॅस, पुन्हा निघाले. ह्या खेपेस मूर्तिजापूर गाठलं, एवढीच प्रगती. शेवटी ओमप्रकाश मिस्त्रीला घरी बोलावलं. त्यानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि हसतच बाहेर आला.

"वकीलसाहेब, एसी ठीक आहे जी. पन हिटर चालू आहे. दोनी संगंच चालून राह्यले."

"हिटर? अमरावतीत हिटर कोण लावतं?"

"तुमीच लावला. हा नॉब बाहेर वढला का हिटर चालू, आत दाबला का बंद. त्याच्यावर दोरा बांधून ठेवला, तं तो आत जाईन कसा?"

गेल्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली, तेव्हा आरशाला दोऱ्यासाठी जागा उरली नव्हती. म्हणून ह्यांनी हा नॉब ओढून त्यावर लाल दोऱ्याचे अकरा वेढे घातले होते. थंडीत गाडी उबदार लागली, तर म्हणाले, जुन्या गाड्यांचं लोखंड माया करतं. मीही तेव्हा मान डोलावली होती.

"कात्री आणते," मी म्हणाले.

"थांब! पूजेचा दोरा आहे, वाट्टेल त्या दिवशी कापायचा नसतो." पंचांग आलं. सोमवार होता, ह्यांनी गुरुवार काढला. वकीलच ते, तारीख घेतल्याशिवाय राहतील कसे! किल्ली खिशात टाकून ते कोर्टात गेले. मी तेव्हाच स्वरालीला फोन करून टॅक्सीनं ये म्हणायला हवं होतं. नाही केला. त्याबद्दल मला ह्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग येतो.

बुधवारी पहाटे जावयांचा, केदाररावांचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. स्वरालीजवळ तिच्या सासूबाई होत्या. मी ओट्याशी उभी राहून खूप रडले.

गुरुवारी, मुहूर्तावर दोरा कापला गेला. नॉब आत गेला आणि गाडी अशी गार पडली की अकोल्याला जठारपेठेत नात बघायला जाताना मला पदर अंगभर घ्यावा लागला.

मूर्तिजापूर मागे पडल्यावर ह्यांनी ऐटीत विचारलं, "काय, कशी वाटते?"

मी काच पूर्ण खाली केली आणि अकोल्यापर्यंत वर घेतली नाही.