बारशाला उशिरा आलेली अमेरिका

मित्रांनो, शाळेच्या कपाटावर, गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे तुम्ही कधी डोकावला आहात का? तिथे एका अंगाला कललेलं, धुळीनं माखलेलं जे गोल दिसतं, तो मी. आता फार जुना झालेला एक पृथ्वीगोल. कललेला मी म्हातारपणामुळे नाही, बरं का. पृथ्वीच कललेली आहे, म्हणून मलाही जन्मापासून तसंच बसवलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्लीची मुलं मला मोडका समजतात आणि सरळ करायला जातात.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याच्या दोन वाट्या जोडून माझं पोट तयार केलं आणि त्यावर संत्र्याच्या फोडींसारख्या छापील कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. एका पट्टीवर अमेरिका आली, एकीवर आफ्रिका आली, आणि हिंदुस्थान दोन पट्ट्यांच्या मधोमध सापडला. मग गवताच्या पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात घालून मला एसटीच्या टपावर चढवलं. नगरला गाडी बदलली. तिथून पाथर्डीच्या रस्त्यानं, करंजीचा घाट लागण्याच्या अलीकडे, मी एका कोरडवाहू गावाच्या शाळेत उतरलो. माझ्यावर सगळं जग छापलं होतं, पण ते गाव काही नव्हतं. मुलांना त्याचं फार वाईट वाटलं. नगर कुठे असेल, गाव कुठे असेल, असं म्हणत त्यांनी बोटं टेकवून टेकवून तेवढा कागद पार झिजवून टाकला.

शाळा दोन खोल्यांची. रंगनाथ गुरुजींनी मला खिडकीत ठेवलं. खिडकीबाहेर लागूनच बनुबाईंचं अंगण होतं. त्यामुळे माझं अर्धं आयुष्य वर्गाकडे बघण्यात गेलं आणि अर्धं त्या अंगणाकडे.

बनुबाईंच्या दारात एक गाय होती आणि पोटी एकुलता एक भीमा. तो फौजेत मोटार चालवायला होता. अंगणात रोज सकाळी ताक घुसळण्याचा आवाज यायचा आणि तो थांबला की पितळी तांब्या घेऊन गोरक्ष हजर व्हायचा. गोरक्ष आमच्याच शाळेतला, चौथीतला. दसरा झाला की त्याचे आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याकडे जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. तोवर तो आणि त्याचा म्हातारा आजा. तेव्हा सकाळचं ताक बनुबाईंकडचं, हे न बोलता ठरून गेलेलं होतं. तांब्या तर भरायचाच, वर त्याच्या हातावर लोण्याचा गोळाही पडायचा. मला खाता येत नाही, पण त्या गोळ्याकडे बघायला मला फार आवडायचं.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात पूर्वेला लढाई पेटणार अशी बोलणी सुरू झाली. नगरच्या छावणीतून गाड्यांमागून गाड्या हलल्याचं बाजाराला गेलेली माणसं सांगत. भीमा कुठे आहे ते त्याच्या पत्रात नसायचं. एके दिवशी बनुबाई शाळेत आल्या आणि त्यांनी गुरुजींना विचारलं की, माझा भीमा ह्या गोळ्यावर कुठंशी असंल. गुरुजींनाही नक्की ठाऊक नव्हतं. त्यांनी अंदाजानं पूर्वेकडे, नद्यांच्या जाळ्याजवळ बोट ठेवलं. बनुबाईंनी आपल्या कपाळावरचं थोडं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि तिथे ठिपका लावला. त्या दिवसापासून त्या येता-जाता खिडकीतून ठिपक्याकडे बघून घ्यायच्या. एवढ्या मायेनं माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

गुरुजींना जगाच्या राजकारणाचं मोठं वेड. ट्रान्झिस्टरवरच्या बातम्या मुलांना समजाव्यात म्हणून त्यांनी वर्गात देश वाटले. मोठे देश घ्यायला झुंबड उडाली. थोराड छगन रशिया झाला. बन्सीनं चीन पटकावला. गोरक्षाला अमेरिका मिळाली, तेव्हा तो असा काही ऐटीत चालू लागला की विचारू नका. सगळ्यात लहानखुरी पुष्पावती शेवटी राहिली आणि तिच्या वाट्याला भूतान आला. माझ्यावर भूतान तिच्या नखाएवढाच होता. मुलं तिला खूप हसली आणि ती रडकुंडीला आली.

संयुक्त राष्ट्रसंघात ठराव आला की रशिया नकार देतो, हे कळल्यापासून छगननं तर उच्छाद मांडला. गुरुजींनी पाढे म्हणायला सांगितले तरी तो हात वर करून 'न्हाई' म्हणायचा. नंतर बातमी आली की, भारतानं बांगलादेशाला मान्यता दिली आणि त्याच दिवशी चिमुकल्या भूताननंही दिली. भलेभले देश हाताची घडी घालून बसले होते आणि नखाएवढा भूतान पुढे झाला होता. पुष्पावतीकडे सगळा वर्ग वळून बघू लागला. मुलांनी विचारलं, मान्यता म्हणजे काय? गुरुजी समजावू लागले, पण ते सरकार, दूतावास, करार असं काहीबाही बोलत राहिले आणि मुलं नुसती बघत राहिली. तेव्हा खिडकीतून बनुबाई म्हणाल्या, "गुरुजी, बारसंच की हो हे. पोर जलमलं तरी चारचौघं येऊन नाव ठेवत्यात, तवा ते समद्यांचं हुतं."

गुरुजींना ते एकदम पटलं. बाराव्या दिवशी नव्या देशाचं बारसं करायचं, असं वर्गात ठरून गेलं आणि पाळणा द्यायचं बनुबाईंनी कबूल केलं.

पण मधल्या दिवसांत एक गोष्ट घडली. अमेरिकेनं आपलं आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडल्याची बातमी आली. गुरुजींनी कागदाची होडी केली आणि गोरक्षाला ती माझ्या समुद्रावरून चालवायला सांगितली. हा धडा त्याला मनापासून आवडला. तोंडानं भोंगा वाजवत त्यानं होडी पार मलाक्काच्या सामुद्रधुनीपासून वर आणली आणि कुंकवाच्या ठिपक्याखाली टेकवली. वर्ग हसला. खिडकीत बनुबाई उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्ष तांब्या घेऊन अंगणात गेला. बनुबाईंनी रवी थांबवली नाही, की मान वर केली नाही. म्हणाल्या, "तुझ्या जहाजावरनं आन जा ताक."

त्यानं तांब्या आणखी पुढे केला. त्याला वाटलं असावं, थट्टा आहे. मग रिकामा तांब्या घेऊन परत गेला. गुरुजींच्या कानावर हे आलं, तेव्हा त्यांनी बनुबाईंना हळूच सांगून पाहिलं की तो खेळ होता, पोराचा त्यात काय दोष. बनुबाई म्हणाल्या, मलाबी कळतंय, पन हातच उचलत न्हाई. मित्रांनो, मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. कितीतरी दिवस भीमाची खुशाली आली नव्हती. अमेरिकेला जाऊन जाब विचारणं त्यांच्या हातात नव्हतं. जी अमेरिका दारात तांब्या घेऊन यायची, तिच्यावर त्यांनी राग काढला.

बारशाच्या आदल्या दिवशीच ढाक्याला शत्रूनं शस्त्रं खाली ठेवली. गावात साखर वाटली गेली. बनुबाईंना भीमाची खुशाली अजून कळली नव्हती, तरी दिलेला शब्द म्हणून त्यांनी भीमाचा पाळणा झाडून-पुसून शाळेत आणला. गुरुजींनी पतंगाच्या पिवळ्या कागदाचा बांगलादेश कापला, कणकेच्या खळीनं माझ्यावर चिकटवला आणि त्यावर बारीक अक्षरात नाव लिहिलं. बनुबाईंचा ठिपका त्याच्याखाली गेला, पण त्याची लाली वरून दिसायची. मग मला टोपडं घालून पाळण्यात निजवलं. एवढं सगळं जग अंगावर घेऊन मी पाळण्यात हलत होतो. तसा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही. आत्या व्हायचा मान भूतानचा. पुष्पावतीनं माझ्यावर वाकून नाव सांगितलं आणि 'कुर्र' केलं.

गुरुजी मात्र नियमाचे पक्के. ज्या देशानं मान्यता दिली त्यानंच उंबरा ओलांडायचा, असं त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आत भारत आणि भूतान एवढेच आणि बाकी सगळं जग ओट्यावर ताटकळत उभं. घुगऱ्या वाटायची वेळ झाली, तेव्हा बनुबाईंनी गुरुजींचा नियम मोडला. बारशाला आलेलं पोर दारातून माघारी जाऊ द्यायचं नसतं, असं म्हणत त्यांनी सगळ्यांना आत घेतलं. रशिया आला, चीन आला, सगळ्यांच्या ओंजळी भरल्या. गोरक्ष ओट्यासमोरच्या लिंबाखाली उभा होता. तो आला नाही. घुगऱ्या वाटण्याच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे भीमाची खुशाली आली आणि शिमग्याच्या आसपास तो स्वतःच रजेवर आला. आधी आईच्या पाया पडला आणि मग गुरुजींना भेटायला शाळेत. मुलांनी त्याला माझ्यापाशी ओढत आणलं. पिवळ्या कागदावर बोट फिरवत तो खिडकीशी आलेल्या आईला म्हणाला, "आई, तिकडं समदं पानीच पानी. आपल्या गावाला त्यातलं ओढाभर दिलं असतं तरी भागलं असतं." बनुबाई डोळे पुसत हसल्या. त्यांचा राग तर केव्हाच विरघळून गेला होता. इतका, की आपण रागावलो होतो हेच त्या विसरल्या. गोरक्ष ताकाला येत नाही, तर मोठा झाला असेल, लाजत असेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

तो मात्र रोज मधल्या सुट्टीत माझ्याजवळ यायचा. मला फिरवून अमेरिकेवर बोट ठेवायचा आणि गुरुजींना विचारायचा, "गुरुजी, आज?"

गुरुजी ट्रान्झिस्टर ऐकून आलेले असत. अजून नाही, म्हणायचे. एकामागून एक देश मान्यता देत गेले. छगनचा रशिया कधीच देऊन बसला. पोराला राजकारणाची केवढी गोडी, म्हणून गुरुजींनी साऱ्या वर्गासमोर गोरक्षाची पाठ थोपटली. मला खरं ठाऊक होतं. कारण विचारून झालं की तो खिडकीतून अंगणाकडे बघायचा. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण आम्हा वस्तूंना नुसतं बघता येतं.

एप्रिल लागला. शाळा सकाळची झाली. विहिरी तळाला गेल्या. एके दिवशी गुरुजी वर्गात आले आणि फळा पुसता पुसता म्हणाले की, अमेरिकेनं काल बांगलादेशाला मान्यता दिली. गोरक्ष उठला. न विचारता, माठावरचा पेला घेऊन तो धावत सुटला. मी खिडकीतून बघत होतो. बनुबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि धापा टाकत त्यानं पेला पुढे केला.

"मावशी, आमीबी मान्यता दिली. आता ताक देती का?"

बनुबाईंना आधी समजेना. मग समजलं. हातातलं सूप तिथेच राहिलं. "आरं गोरख्या," त्या म्हणाल्या, "तू ह्याच्यासाठी थांबला हुतास व्हय रं, बाळा?"

त्यानं मान हलवली. बनुबाईंनी त्याला जवळ ओढलं आणि त्या ढसाढसा रडल्या. भीमाची वाट बघतानाही मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं.

पण घरात ताक नव्हतं. चाऱ्यावाचून गाय महिन्याभरापूर्वीच आटली होती. बनुबाईंनी डोळ्यांना पदर लावला, गोरक्षाला ओट्यावर बसवलं आणि तो पेला घेऊन स्वतः बाहेर पडल्या. आजवर त्यांच्या दारी सगळे मागायला येत. त्या दिवशी त्या दारोदार गेल्या. उन्हं पार ओट्यावर आली, तेव्हा परतल्या. पेल्यात बोटभर ताक होतं. त्यात त्यांनी पाणी घातलं, मीठ घातलं आणि पेला त्याच्या तोंडाला लावला. तो एका दमात प्यायला आणि ताकाची मिशी पुसत शाळेत परत आला.

मित्रांनो, पुढे शाळेला नवा पृथ्वीगोल आला. त्याच्यावर बांगलादेश छापलेलाच आहे. मला कपाटावर ठेवलं. माझा दांडा गंजला, समुद्र उडाला, पण तो पिवळा तुकडा आणि त्याखालची लाली अजून शाबूत आहे. मला पुसायला घेतलंत, तर तेवढ्या जागी हलक्या हातानं पुसा. आणि मोठ्या देशांची भांडणं तुमच्या कानावर येतील, तेव्हा रागवायचं तर रागवा. फक्त आपल्या दारात तांब्या घेऊन कोण उभं आहे, तेवढं आधी नीट बघा.