घरची नाई म्हणते

चेटकिणीला लहानपणी कुणी माया लावली नव्हती, म्हणून ती मोठेपणी दुसऱ्यांची पोरं पिंजऱ्यात कोंडत होती, हे कळल्यावर गोपिकेने लॅपटॉपसमोरच कपाळाला हात लावला.

"म्हणजे हिचं काईच चुकलं नाई?"

"तसं नाई मावशी," खुशी म्हणाली. "तिची बाजू समजून घ्याची. कोणी जन्मतः व्हिलन नसते."

खुशी सावंगीला फिजिओथेरपी शिकत होती आणि कॉलेजच्या फिल्म क्लबात होती. क्लबाची यंदाची स्पर्धा अशी, की जुनी परीकथा घ्यायची आणि ती खलनायकाच्या बाजूने सांगणारी छोटी फिल्म करायची. म्हणून दर रविवारी ती पवनारला घरी यायची आणि हिंदीत डब केलेले असले सिनेमे सावत्र आईला शेजारी बसवून दाखवायची. गोपिका वांगी निवडत निवडत पाहायची. आपल्यालाच का दाखवते, हे तिला न सांगता कळत होतं. अख्ख्या पवनारात सावत्र आई म्हटलं की लोक तिच्याच घराकडे बोट दाखवत.

आधीच्या रविवारी एक राणी झाली होती. तिला म्हणे ऐन मांडवात नवरदेव सोडून गेला, म्हणून तिने सावत्र पोरीला छळलं. त्याच्या आधी एक जादूगारीण, तिचं घर जळालं होतं. एकूण काय, प्रत्येकीला कधीतरी काहीतरी झालेलं असायचं आणि त्याचा हिशेब मागच्या जन्मीच्या वैरासारखा एखाद्या पोरीकडून चुकता व्हायचा. मग शेवटी पाऊस पडायचा, वाजंत्री वाजायची आणि ती रडायची. गोपिकेला या बायांचा वीट आला होता. वाईट वागायचं तर सरळ वागा, वर आमच्याकडून डोळे पुसून कशाला घेता, असं तिचं म्हणणं होतं.

"मले एक सांग," ती म्हणाली. "ह्या सगळ्यायच्या घरी राजा असते ना? तो काय करून राह्यला?"

"राजा भोळा असते. त्याले काई माहीत नसते."

"वा! राज्य चालवते अन् घरात काय चाल्लं ते माहीत नाई."

अंगणात चंद्रभान कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या पोत्यात गुंडाळत होता. तो उगाच खाकरला आणि पोतं उचलून विहिरीकडे गेला.

चंद्रभान म्हणजे गोपिकेचा नवरा, खुशीचा बाप आणि पवनारातला सर्वांत गोड माणूस. धाम नदीच्या काठाला त्याचा भाजीचा मळा, आणि वर्ध्याच्या बाजारात बसायची जागा. त्याच्या तोंडून आजवर कुणी 'नाही' ऐकलं नव्हतं. साळा पाण्याचा पंप मागायला आला, तर चंद्रभान आधी त्याला चहा पाजणार, त्याच्या पाठीवरून हात फिरवणार आणि मग आवाज खाली आणून म्हणणार, "माही ना नाई रे. पण घरची नाई म्हणते." गणपतीची वर्गणी मागणारी पोरं आली, तरी तेच. शेजारणीला कढीपत्ता हवा असला, तरी तेच. समोरचा माणूस चंद्रभानला दुवा देत आणि गोपिकेला शिव्या देत परत जायचा. गोपिकेला बऱ्याचदा पंप मागितल्याचं दुसऱ्या दिवशी विहिरीवर कळायचं, तेही आपण नाही म्हटल्याच्या बातमीसकट.

आता, नवऱ्याने बायकोच्या नावावर नकार खपवणं ही काही चंद्रभानची एकट्याची कला नव्हे. आमच्याकडचे निम्मे पुरुष त्यावरच भले म्हणून मिरवतात. पण बाकीचे अधूनमधून स्वतःही नाही म्हणतात. चंद्रभानने आयुष्यभराचा नकार एकाच बाईच्या खात्यावर लिहिला.

गोपिकाही काही देवीचा अवतार नव्हती. नाव पडलंच आहे तर वापरून तरी घ्यावं, म्हणून तिने जिभेला चांगली धार लावली. तिच्या ओट्यावर कुणी चकाट्या पिटायला बसत नसे, आणि मळ्यातून कुणी मुठीने मिरच्या तोडून नेत नसे. या सुखाची तिला सवय झाली होती. एक गोष्ट सोडली, तर तिला गावाच्या मताशी काही देणंघेणं नव्हतं.

ती एक गोष्ट होस्टेलची होती.

गोपिका लग्न होऊन आली तेव्हा खुशी पाचवीत होती. आई गेलेली पोर, रात्री बापाच्या कुशीत शिरून आईबद्दल विचारायची, आणि चंद्रभानला ते सोसवायचं नाही. त्याने एका आश्रमशाळेशी गुपचूप बोलणं केलं. गोपिकेला तर गणवेशाचं कापड घरात आल्यावर कळलं. त्या दिवशी ती मधल्या पत्र्याच्या आडभिंतीपलीकडे भाकरी थापत होती आणि अलीकडे खुशी बापाच्या पायाला मिठी मारून रडत होती. मले नाई जाचं बाबा, मले नाई जाचं. आणि मग पत्र्यातून तो मऊ आवाज आला, "माही ना नाई बेटा. पण मावशी नाई म्हणते."

गोपिकेच्या हातातली भाकरी तशीच राहिली. उठून सांगावं असं फार वाटलं तिला. पण घरात नवी होती, नवऱ्याला त्याच्या पोरीसमोर खोटं पाडायचा धीर झाला नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता पोरगी गेली. सुट्टीत आली तेव्हा ती गोपिकेकडे अशी बघायची की सांगून उपयोग नव्हता. सावत्र आईने आपली बाजू मांडली तर तिला बहाणा म्हणतात.

फिल्मची गोष्ट खुशीने स्वतः लिहिली. राणी सावत्र पोरीला जंगलात पाठवते, ती का पाठवते, अशी. राणीचं काम आधी तिने गोपिकेलाच देऊ केलं.

"मी माहं काम करते तेवढं पुरे आहे," गोपिका म्हणाली.

मग मोनाली नावाची वर्गातली पोरगी राणी झाली. तिने डोळ्यांत इतकं काजळ घातलं की ती रागावली आहे की तिचे डोळे आले आहेत ते समजेना. क्लबाचा सेक्रेटरी स्वप्निल कॅमेरा घेऊन वांग्यांच्या सरीतून उलटा चालला आणि मिरचीच्या रोपांचा एक वाफा तुडवून मोकळा झाला. राजा व्हायला चंद्रभान एका शब्दावर तयार झाला. भाड्याचा फेटा, वर चमकी. राजाला संवाद नव्हते. पोरगी जंगलात निघते तेव्हा त्याने फक्त दारात उभं राहायचं, हात जोडायचे आणि रडायचं. चंद्रभान पहिल्याच झटक्यात इतकं सुंदर रडला की मोनालीचं काजळ वाहिलं. गोपिका उजेड पाडायला थर्माकोलचा तक्ता धरून उभी होती. तिने तो एकदाही हलू दिला नाही, कारण तिला हे नीट बघायचं होतं.

संध्याकाळी पोरं गेल्यावर खुशी तिच्याजवळ येऊन बसली.

"मावशी, लिहिता लिहिता माहा राग निघून गेला."

"कायचा?"

"तू मले होस्टेलात टाकलं त्याचा. तुहीबी काई मजबुरी असन. तुही नवी नवी गृहस्थी, दुसऱ्याची पोरगी. मी तुले माफ केलं." आणि तिने गोपिकेच्या खांद्यावर डोकं टेकवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गोपिकेला त्या डोक्याचा भार हवासा वाटला आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापड झाला. शिव्या तिने पचवल्या होत्या. न केलेल्या गुन्ह्याची माफी पचेना. तोंडाशी शब्द आले, पण आत्ता आपण बोललो तर हे डोकं उचललं जाईल, म्हणून ती भ्याली आणि गप्प बसली. मग आपण भ्यालो म्हणून स्वतःचाच राग आला.

फिल्म दाखवायच्या आदल्या दिवशी ती बाजारच्या मालातून कानी, किडकी वांगी वेगळी काढत होती. चंद्रभान समोर येऊन बसला आणि न सांगता वांगी निवडू लागला. तेव्हाच तिने ओळखलं की ह्याला काहीतरी मागायचं आहे.

"उद्या ते लोक तुले बोलाले लावतीन," तो म्हणाला. "खुशीनं सांगतलं मले."

"मंग?"

"बोलू नको. पोरगी आत्ता कुठं तुह्याजवळ आली. कायले जुनं उकरतं?"

"माह्याजवळ आली, का तुमच्यापासून जाईन म्हणून भेव वाटून राह्यलं?"

चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याला कधीही आणता यायचं. "गोपिका, मी तुले नाई म्हणतो. ऐक माहं. बोलू नको."

गोपिकेने हातातलं वांगं खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. संसार झाला, केस पिकायला लागले, आणि हा माणूस आज पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने नाही म्हणाला होता. तेही कुणाला, तर तिला.

"बरं," ती म्हणाली.

कॉलेजचा हॉल भरला होता. एकामागून एक फिल्म झाली. एका राक्षसाला दातदुखी होती म्हणून तो माणसं खात होता. एका कोल्ह्याचा आत्मविश्वास बालपणी खचला होता. पोरं टाळ्या वाजवत होती, आणि गोपिकेला वाटत होतं की या गावात वाईट माणूस आता औषधाला सापडायचा नाही. मग खुशीची फिल्म लागली. मोनाली आरशासमोर बसून आपल्या मोडलेल्या स्वप्नांबद्दल बोलली. तिला गाणं शिकायचं होतं म्हणे. गोपिकेला कधीच गाणं शिकायचं नव्हतं. शेवटी दारात तो राजा रडला, बासरी वाजली, आणि मागच्या रांगेतल्या पोरी मुसमुसल्या. शेजारच्या खुर्चीत चंद्रभान स्वतःलाच बघून डोळे पुसत होता.

दिवे लागले. खुशी स्टेजवर आली. तिथं ती पुस्तकातल्या भाषेत बोलत होती. "माझी राणी खोटी नाही. ती आज इथं बसली आहे. तिला आयुष्यात कुणी तिची बाजू विचारली नाही. आज मी विचारते." मग पुस्तक सुटून घरची बोली आली. "मावशी, तुह्यावर राग नाई माहा. पण सांग ना, मले काऊन पाठोलं होतं?"

हॉलभर टाळ्या झाल्या. स्वप्निल माईक घेऊन धावत आला. चंद्रभानने पदर ओढला आणि ओठ न हलवता म्हणाला, "बस खाली."

गोपिका उठली. इतके चेहरे तिच्याकडे वळले होते, आणि सगळे माफ करायला टपलेले. तिला त्यांची कीव आली. तिने माईक तोंडाजवळ धरला आणि आवाज अगदी मऊ केला. पत्र्याच्या पलीकडून ऐकलेला, हुबेहूब तसा.

"माही ना नाई बेटा," ती म्हणाली. "पण घरचे नाई म्हणतेत."

लोक हसले. त्यांना वाटलं, बाई लाजली. कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

खुशी हसली नाही. ती एवढी वर्षं हेच वाक्य ऐकत आली होती. सायकल मागितली तेव्हा, सहलीला जायचं होतं तेव्हा, मामाच्या लग्नात दोन दिवस जास्त राहायचं होतं तेव्हा. आणि त्या दिवशी, पायाला मिठी मारली होती तेव्हा. दर वेळी ते एकाच माणसाने म्हटलं होतं. दर वेळी मावशी खोलीत नव्हती. ती स्टेजवर उभी राहून गोपिकेकडे बघत होती, आणि बघता बघता तिची नजर शेजारच्या खुर्चीवर सरकली.

"बाबा?"

गोपिकेने माईक चंद्रभानच्या हातात दिला आणि ती रांगेतून बाहेर येऊन भिंतीपाशी उभी राहिली.

चंद्रभान उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी तयारच होतं. "माही तर ना नव्हती बेटा," त्याच्या तोंडून सवयीने गेलं. "पण..."

आणि त्याने शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"पण कोण, बाबा?" खुशीने विचारलं.