तीनशे नऊची रेघ

"हीसुद्धा ओलीच निघाली. कोरडा वायू म्हणे. यांच्या कोरड्यात हेरिंग मासे पोहतील," विब्के माझ्या कानाशी पुटपुटली. आम्ही दोघी एकाच स्टुलावर अर्ध्या-अर्ध्या टेकून पडद्याकडे बघत होतो. खिडकीबाहेर बंदरावरचं धुकं सकाळपासून हललं नव्हतं.

हेलियमची ही महिन्यातली तिसरी बाटली. काचेच्या नळकांडीतून जांभळी ज्योत निघत होती, पेन्सिलीएवढी, बोट धरलं तर कोमट लागेल अशी. जखमा भराव्यात म्हणून असल्या ज्योती आमच्याकडे बनवतात. तिच्यात काही खुपसून मोजावं तर ती बिघडते, म्हणून तिचा उजेडच तपासायचा. काचेचा तंतू उजेड यंत्रात नेतो, यंत्र त्याच्या रेघा पाडतं. तीनशे नऊ नॅनोमीटरला रेघ दिसली की समजायचं, वायूत पाणी आहे.

आज आम्ही पाणी सोडलंच नव्हतं. रेघ उभी होती.

विब्केचा सगळा प्रबंध या रेघेवर. वायूत थोडी वाफ मिसळली तरी ज्योतीत फरक पडत नाही, असं तिनं तीन वर्षं मोजून मांडलं होतं. तीन आठवड्यांनी प्रबंध द्यायचा होता. तिचे मार्गदर्शक हेर टेसमर, म्हणजे आमचे टेसमरसाहेब. त्या निष्कर्षाखाली त्यांचंही नाव छापून आलेलं. आणि मी तंत्रज्ञ. पोलादी नळी काढून बाटलीपासून ज्योतीपर्यंत मऊ प्लास्टिकची नळी मीच बसवली, पोरीला ज्योत इकडेतिकडे हलवता यावी म्हणून. प्लास्टिक ओल पितं आणि सावकाश सोडत राहतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. एवढ्याशानं काय होतंय, असं वाटलं. पण सूप आधीच खारट असेल, तर वरून टाकलेल्या मिठाच्या चिमटीचा फरक कसा कळणार? वायू नळीतच ओला होत असेल, तर विब्केच्या वाफेचंही तेच. वसंतात एकदा ती नळी सहज मुठीत धरली, तर हाताच्या उबेनं रेघ वाढली. सोडली, तर उतरली. मी हात पुसले आणि जेवायला गेले.

हेर टेसमर कॉफीचा मग घेऊन आले. "काय म्हणतेय बाटली?"

"ओली," विब्के म्हणाली.

"पुरवठादाराला जरा कडक पत्र लिहा, फ्राउ यांके," ते मला म्हणाले.

"आधीची दोन कडकच होती," मी म्हणाले. "त्यांनी कॅलेंडर पाठवलंय. मांजरांचं."

ते हसले. विब्केही हसली. मग उठली आणि नळीभोवती मूठ आवळून उभी राहिली. पडद्यावर रेघ चढू लागली.

"व्होल्टेज सरकलं असेल," हेर टेसमर म्हणाले.

मी पाहिलं. जागेवर होतं. तरी मी बटणाशी उगाच वाकून राहिले.

तिनं नळी सोडली. रेघ उतरली. पुन्हा धरली. चढली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पावाला लोणी लावतानाही माणूस यापेक्षा गुंतलेला असतो. हेर टेसमरांनी कॉफीचा घोट घेतला.

"सोड ती, विब्के. हात भरून येईल," मी म्हणाले. एवढंच सुचलं.

"नळी ओली आहे, गुद्रून," ती म्हणाली. बस किती वाजता आहे विचारावं, तसा आवाज. "मी वाफ मोजलीच नाही. तीन वर्षं नळी मोजली."